आधी बोर्डिंग, मग कॉलेज

संस्थेचा इतिहास म्हटला की स्मरणिकेत काय काय यायचे ते ठरलेले असते. कोनशिला कुणाच्या हस्ते बसली, विज्ञान शाखेची मान्यता कधी आली, नॅकची श्रेणी कोणती मिळाली, आणि अध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांची छायाचित्रांसह क्रमवार यादी. ही माहिती हवीच. पुढे कुणाला दाखला काढायचा झाला तर ती उपयोगी पडते. पण वाशीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालय का टिकले, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. इमारत बांधली म्हणून पोरे येत नाहीत, आणि आली तरी थांबत नाहीत. म्हणून आपल्या भागातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास चुलीपासून लिहायला हवा. आधी बोर्डिंग निघाले, शाळा त्याच्या आगेमागे आली, आणि कॉलेज कितीतरी पुढे. हा क्रम काही योगायोगाने पडला नव्हता. पोटाची अडचण, मनाची घालमेल आणि चारचौघांतला मान या तीन गोष्टी एकाच पोराच्या वाट्याला एकाच वेळी येतात, हे बोर्डिंग काढणाऱ्यांना नीट ठाऊक होते. पुढे आपण या तिन्हींसाठी तीन खाती केली आणि पोरगा खात्यांच्या मधल्या फटीतून निसटू लागला, असे माझे म्हणणे आहे.

वाशीच्या महाविद्यालयाला कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांचे नाव आहे, आणि ते चालवणारे श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ बार्शीचे, 1934 साली मामासाहेबांनी उभे केलेले. आजच्या नकाशावर बार्शी आणि वाशी शेजारचे तालुके वाटतात. 1934 साली मात्र त्यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. बार्शी इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यात, आणि वाशी निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळण्याची सोय नव्हती. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठीत शिकवणाऱ्या खासगी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्या. याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी मुख्याध्यापकी केली, ती त्यांतली एक. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या पोराला शिकायचे असेल, तर घर सोडून दुसऱ्या मुलखात जाऊन राहणे हाच मार्ग होता. अशा पोराला पहिल्यांदा वर्ग लागत नाही. पहिल्यांदा लागते ती अंथरूण टाकायची जागा आणि दोन वेळची भाकरी. ग्रामीण भागातल्या संस्थांनी बोर्डिंगला एवढे महत्त्व का दिले, याचा उलगडा या सीमेजवळ उभे राहिले की होतो.

बोर्डिंगची ही कल्पना कोल्हापुरातून आलेली. शाहू महाराजांनी 1901 सालापासून तिथे एकामागून एक वसतिगृहे उघडली: मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी टाकले. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी 1924 मध्ये साताऱ्याला जे बोर्डिंग सुरू केले, तिथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. एकत्र स्वयंपाक, एकच पंगत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी भाऊराव ‘मुष्टिफंड’ गोळा करत. घरच्या बाईने दळण काढताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि ते बोर्डिंगच्या पोत्यात जायचे. या मुठीत वित्तव्यवस्था होती हे तर खरेच, पण आणखीही एक गोष्ट होती. ज्या घरातून मूठ आली, त्या घराला बोर्डिंगमधल्या पोराची चौकशी करण्याचा हक्क आपोआप मिळत असे. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ‘कमवा आणि शिका’ या पायावर. पोराने शेतात, बागेत राबायचे, आणि त्या राबण्याची लाज वाटू द्यायची नाही. मराठवाड्यात बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला काढलेले मिलिंद महाविद्यालय याच परंपरेत बसते. खेड्यापाड्यांतून आलेली दलित मुले नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहिली, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकली. ती शिष्यवृत्ती 1944 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली. म्हणजे मेस, खोली आणि शिष्यवृत्ती या तिन्हींचा विचार एकाच डोक्यातून आला होता.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो, आणि तो वजनदार आहे. बोर्डिंगचे एवढे गोडवे कशाला? कोल्हापुरातली बहुतेक वसतिगृहे जातवार होती. जवळपास सगळी मुलांची. मुलींना त्यांत जागा नव्हती. शिस्त कडक, प्रसंगी छडीची. आणि सर्वांत अवघड म्हणजे तिथे राहणारा मुलगा उपकारात राहत असे. कुणाच्या तरी मेहेरबानीने जेवतो आहोत, ही भावना पोराच्या मानेवर जू ठेवते. हे सारे मान्य करायला हवे. जातवार वसतिगृहांनी जात मोडली नाही. त्यांनी निदान एका जातीच्या गरीब पोराला दार उघडले, आणि ते दार सर्वांसाठी एक करायचे काम साताऱ्यासाठी उरले. उपकाराचा मुद्दा त्याहून खोल आहे, आणि त्याचे उत्तर शासनाने दिले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली, आणि ईबीसी हा शब्द खेड्यात रूढ झाला. फी माफी आता कुणा दात्याची कृपा राहिली नाही, ती हक्काची झाली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका पिढीची पदवी या शब्दावर उभी आहे. तेव्हा बोर्डिंगकडे परत चला असे म्हणणे माझ्या मनात नाही. हक्क आला ही फार मोठी कमाई आहे. प्रश्न एवढाच, की हक्क आल्यावर माणूस का गेला? बोर्डिंगमध्ये रात्री दिवे मालवताना कोण जेवला नाही, कोण दोन दिवस बोलत नाही, कुणाच्या घरून पत्र आले की तो कोपऱ्यात जाऊन बसतो, हे ज्याच्या लक्षात यायचे तो माणूस.

आज वाशी तालुक्यातल्या एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याचे वर्ष कसे जाते ते पाहू. जूनमध्ये प्रवेश. घरी दोन-तीन एकर सोयाबीन. पावसाने साथ दिली तर दसऱ्याच्या सुमारास चार पैसे हाती येणार. ज्या घरात तेवढेही रान नाही, तिथे आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो. ते परत येतात ते थेट मार्च-एप्रिलमध्ये. याच काळात शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रहिवासी, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रमाणपत्र. हे सगळे जमले की शेवटी आधारची ओटीपी. ती बहुतेक वेळा वडिलांच्या मोबाईलवर जाते, आणि वडील त्या वेळी उसाच्या फडात असतात. फडात रेंज आली, वडिलांनी फोन उचलला, आकडे नीट वाचून सांगितले, आणि तोवर मुदत संपली नसली, तर अर्ज पुढे सरकतो. चुकला तर परत सेतूच्या रांगेत. गरिबी सिद्ध करण्यासाठी गरिबालाच किती भाडे खर्चावे लागते, याचा हिशोब कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात नसतो.

निसर्गाचे म्हणाल तर त्याने वाशीला दोन्ही टोके दाखवली. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत वाशी होते. पुढे दोनच वर्षांनी, 2025 च्या सप्टेंबरात, याच जिल्ह्यात अतिवृष्टीने माती वाहून गेली. दुष्काळ जाहीर झाला की ठरलेल्या सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, आणि त्यांतच शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ. चांगली गोष्ट. पण परीक्षा शुल्क ही वर्षाच्या खर्चातली सगळ्यात लहान रक्कम असते. खोलीचे भाडे, मेस, एसटीचा पास, प्रॅक्टिकलची वही, मोबाईलचा रिचार्ज हे सगळे माफीच्या बाहेर. परीक्षेला बसण्याआधीच पोरगा पुण्याला किंवा रांजणगावला कंपनीत कामाला लागला, तर माफ झालेले शुल्क कुणाच्या उपयोगाचे? 2016-17 मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेने अनुसूचित जातींच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांच्या खात्यावर राहण्या-जेवणाचे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि पुढे इतर प्रवर्गांसाठी तशाच योजना आल्या. योजना चांगल्याच. पण सुरुवातीच्या नियमांत महापालिकेची शहरे आणि जिल्ह्याची ठिकाणे तेवढी बसत होती, तालुक्याचे गाव नव्हते. नियम करणाऱ्याच्या नजरेला कॉलेज म्हणजे शहर दिसते. वाशीला कॉलेज आहे हे कागदावर उशिराच उगवते.

मुलींची कथा यात वेगळी मांडावी लागते. 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीला त्याचा मोठा आधार. बी.ए.ला बसलेल्या मुलीची अडचण फीची नसतेच; ती रस्त्यावर असते. विद्यार्थ्याला एसटीच्या पासात 66.67 टक्के सवलत आहे, पण बसच गावात येत नसेल तर सवलत कशाला लागू होणार? गावातून सकाळची गाडी चुकली की पहिला तास बुडतो, दुपारचे प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळची गाडी गाठायची तर शेवटची वीस मिनिटे सोडावी लागतात. हंगामात आई-वडील फडात गेले की घरात तिच्या हवाली धाकटी भावंडे आणि म्हातारी आजी. आणि ‘मोठी पोरगी एकटी घरात कशी ठेवायची’ या काळजीवर गावाने शोधलेला उपाय लग्न हा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. वाशीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात हेच प्रमाण 43.7 टक्के होते. ऊसतोड आणि बालविवाह यांचा संबंध जोडायला इथे फार मोठे संशोधन लागत नाही. मुलींसाठी सहा महिने चालणारे एक सुरक्षित वसतिगृह तालुक्याच्या गावी असेल, तर ते जितकी लग्ने थांबवील तितकी कोणतेही भाषण थांबवणार नाही. सहा महिने म्हणतो ते जाणून. पूर्ण वर्षाची गरज सगळ्यांना नसते. हंगामाची गरज असते.

मनाच्या आरोग्याकडे आपण वळलो ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. 2015 साली तेव्हाच्या उस्मानाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. पाठोपाठ 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आणि आशाताई घरोघर जाऊन ताण ओळखणारे प्रश्न विचारू लागल्या. शेतकरी निराश होऊ शकतो, आणि त्यावर उपचार असतो, हे सरकारी कागदावर आले हे फार महत्त्वाचे झाले. पण त्याच घरातला, त्याच कर्जाखाली वाढलेला मुलगा कॉलेजच्या बाकावर बसतो तेव्हा तो शेतकऱ्याच्या रकान्यातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या कोणत्याच रकान्यात जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 मध्ये देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांना बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांतले मुख्य. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, आणि तो प्रत्येक कॉलेजच्या फलकावर असायला हवा. एवढे करून भागेल का? फोन करण्याआधी आपल्याला काही होते आहे हे त्या मुलाला कळावे लागते. ‘डोकं चालंना’, ‘जीव लागंना’, ‘झोप येईना’ अशा शब्दांत तो जे सांगतो ते ऐकणारे कुणीतरी रोजच्या वावरात लागते. महिन्यातून एकदा येऊन व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याला ते कळत नाही. मेसचा आचारी, ग्रंथालयातला शिपाई, वसतिगृहाचा रेक्टर यांना ते आधी कळते.

इथे दुसरा आक्षेप येतो तो प्राध्यापकांकडून. आम्ही शिकवायचे की आयांसारखी काळजी घेत बसायचे? आधीच कितीतरी जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे सहकारी चार ठिकाणी धावणार, त्यात नॅकचे अहवाल. शिवाय मानसिक आजार हे डॉक्टरांचे काम. अर्धवट माहितीचा प्राध्यापक त्यात हात घालील तर नुकसानच करील. आक्षेपाचा दुसरा भाग पूर्ण बरोबर आहे, आणि म्हणूनच मी उपचाराविषयी बोलत नाही, लक्ष जाण्याविषयी बोलतो आहे. लक्ष गेल्यावर जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जाणे, घरच्यांना फोन करणे, चार दिवसांनी पुन्हा चौकशी करणे यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पहिल्या भागाला मात्र संस्थेने उत्तर द्यायचे आहे, प्राध्यापकाने नाही. चार समित्यांचे समन्वयकपद एकाच तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात घालून काम होत नसते. त्यासाठी पूर्णवेळ माणूस नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो.

समावेशाच्या नावाखाली आता प्रत्येक कॉलेजात समान संधी केंद्राची पाटी असते. मराठवाड्याला हा शब्द नवा वाटण्याचे कारण नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा 27 जुलै 1978 चा विधिमंडळाचा ठराव आणि 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार यांच्या मधल्या साडेपंधरा वर्षांत या प्रदेशाने एका विद्यापीठाच्या नावावरून घरे जळताना पाहिली. वाशीचे विद्यार्थी ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याच्या नावालाच हा इतिहास चिकटलेला आहे. म्हणून कॉलेजातला समावेश वर्धापनदिनाच्या भाषणातून मोजू नये. तो कॅन्टीनमध्ये कोण कुणाबरोबर बसतो, खोली भाड्याने देताना घरमालक आडनाव विचारतो का, पारधी वस्तीवरून आलेल्या मुलाकडे चोरी झाली की पहिली नजर जाते का, यावरून मोजावा. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला; त्या नजरेला अजून तारीख लागलेली नाही. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि उच्च शिक्षणात 5 टक्के जागा ठेवल्या. पण वर्ग वरच्या मजल्यावर आणि रॅम्प फक्त कार्यालयापुरता असेल, तर ती जागा कागदावरच भरते. खासगी खोलीच्या बाजारात आडनाव आणि अपंगत्व दोन्ही महाग पडतात. कॉलेजचे स्वतःचे वसतिगृह आणि स्वतःची मेस असली, तर निदान एक जागा अशी राहते जिथे ताट मांडताना कुणाला काही विचारले जात नाही. साताऱ्याच्या पंगतीचा अर्थ आजच्या भाषेत हाच.

राहिला शेवटचा, आणि आजच्या काळाला सगळ्यात पटणारा आक्षेप. पैसे थेट खात्यावर द्या. मुलगा सज्ञान आहे, कुठे राहायचे काय खायचे ते तो ठरवील. मेस चालवणारे ठेकेदार आणि रेक्टर यांच्या हाती पुन्हा सत्ता कशाला? मेसचा भ्रष्टाचार खरा आहे, आणि खात्यावर आलेला पैसा मुलाला मान देतो हेही खरे. पण पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती, अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केलेली, आजही खेड्यातल्या मुलांना राहायला जागा देते, त्यांच्याकडून काम करून घेते आणि कामाचा मोबदला देते. खात्यावर पैसे देणाऱ्या योजना आल्या म्हणून तिच्याकडे येणारी मुले थांबलेली नाहीत. कारण पैसा उशिरा आला तर भागवणारा, आणि पैसा आला तरी न जेवणाऱ्याला हटकणारा, खात्यात नसतो. हक्काचा पैसा खात्यावर यावा. तो येईपर्यंतचे ताट संस्थेने मांडावे. आणि दोन्हींची विचारपूस एकाच माणसाकडे असावी. बोर्डिंगच्या परंपरेतून आज उचलण्यासारखे आहे ते एवढे. तिच्या उणिवा शासनाच्या हक्काने भरून काढता येतात, आणि शासनाच्या उणिवा भरायला संस्थेचाच माणूस लागतो.

स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी देणग्या देतील. बहुतेकांना आपल्या किंवा आई-वडिलांच्या नावाची फरशी कुठेतरी बसावी असे वाटेल, आणि त्यात वावगे काही नाही. तरीही यंदा एक विनंती आहे. ती रक्कम वर्गखोलीऐवजी मेसच्या आणि हंगामी वसतिगृहाच्या नावे द्यावी. आणि जमल्यास दिवाळीच्या आधी द्यावी. कोयते निघतात ते त्यानंतर लगेचच.